मुरलेला चुना

आबा भिंत चाखून बघायचे, आणि शेखरला त्याची भयंकर लाज वाटायची.

म्हणजे भिंतीला जीभ लावत नसत. दोन दगडांच्या सांधीतला चुना नखाने जरासा खरवडायचा, चिमटीत चुरायचा आणि एक कण जिभेवर ठेवायचा. मग डोळे मिटून गप्प उभं राहायचं. चुना कच्चा असला तर जिभेला चरचरतो. मुरलेला असला तर काहीच लागत नाही, नुसती दगडाची चव. कृष्णाकाठच्या घाटांवर आणि देवळांवर चाळीस वर्षं हात चालवलेल्या जगन्नाथ गवंड्याची ही परीक्षा होती, आणि पंचक्रोशीत तिला मान होता. पण १९८१ च्या जुलैत, मिशिगनमधल्या एका चर्चच्या दारात, पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई समोर उभी असताना आपल्या बापाने भिंत खरवडून तोंडात घालावी, हे बघून शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेखर म्हणजे चंद्रशेखर, आबांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला इंजिनिअर झाला, सहासष्ट साली ॲन आर्बरला पुढचं शिकायला आला आणि इथलाच झाला. आता एका मोठ्या फर्ममध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. पूल, पार्किंगचे मजले, हॉस्पिटलांच्या इमारती, सगळं सिमेंटचं. ऑफिसात कोणी वडिलांबद्दल विचारलंच तर तो म्हणायचा, “कन्स्ट्रक्शनमध्ये होते.” खोटं काहीच नव्हतं त्यात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टाय लावलेला कॉन्ट्रॅक्टर उभा राहिला तर त्याला शेखर काय करणार! चुना दळायच्या घाणीभोवती बैलामागे दिवसभर फिरणारा, मांड्यांपर्यंत पांढरा झालेला माणूस कोणाला दिसण्याचं कारणच नव्हतं. गावात सिमेंट आलं तेव्हा शेखर दहा वर्षांचा होता. आबांची कामं एकेक करून गेली, घाणीच्या चाकावर गवत उगवलं. सिमेंट म्हणजे शहाणपण आणि चुना म्हणजे मागासपणा, हे त्याच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं होतं.

आई गेल्यावर आबा सहा महिन्यांसाठी इकडे आले. शेखरची बायको नंदा लॅबमध्ये नोकरीला, मुलगी विनीता शाळा नाहीतर समर कॅम्प. घरात एकटे बसून आबा कार्पेटकडे बघत राहायचे. म्हणून त्या शनिवारी नंदाच म्हणाली, “अहो, त्यांना घेऊन जा ना तुमच्या चर्चला. दगड बघून तेवढंच बरं वाटेल त्यांना.”

‘तुमचं चर्च’ हे नंदाचं चिडवणं होतं. घरापासून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांच्या मध्ये ते उभं होतं. शेगड्यांचा कारखाना काढून गब्बर झालेल्या एका माणसाने १९२७ साली फ्रान्समधल्या खेड्यात हे ओसाड पडलेलं चर्च बघितलं आणि चक्क विकत घेतलं. आठशे वर्षांचं जुनं बांधकाम, दगडादगडावर रंगाने आकडे टाकून उतरवलं, खोक्यांत भरलं, जहाजाने आणि मग आगगाडीने इथे आणलं आणि पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. लहानसंच होतं. हातभर नव्हे, चांगल्या तीन हात जाडीच्या भिंती, बोटभर फट वाटावी अशा अरुंद खिडक्या, गोल कमानी, आणि मागच्या बाजूला अर्धगोल गाभारा. छपराच्या कडेखाली दगडात कोरलेली मुंडकी ओळीने बसवलेली. एक दाढदुखीने गाल धरून बसलेला माणूस, एक डुक्कर, एक जीभ काढून दाखवणारी बाई.

आता उत्तरेच्या भिंतीत पाणी मुरायला लागलं होतं, सांधी भुगा होऊन गळत होत्या. चर्च सांभाळणाऱ्या मंडळाने शेखरला विनंती केली होती की तुम्ही बघा आणि काय करायचं ते सांगा. इतक्या वर्षांत गोऱ्या माणसांनी आपल्या जुन्या, जिवाभावाच्या वास्तूसाठी त्याला बोलावण्याची ही पहिलीच वेळ. तो फुकट काम करत होता आणि हवेत तरंगत होता.

मंडळाची मुख्य म्हणजे डोरोथी. साठीची, शिडशिडीत, शाळेतून निवृत्त झालेली. तिचा बाप एमिल हा गवंडी होता, हे चर्च त्याच्याच हाताने पुन्हा उभं राहिलं होतं. तेव्हा ती सहा वर्षांची. खोक्यावर बसून ती दगडावरचा आकडा मोठ्याने वाचायची, मग बाप तो दगड उचलायचा. मोजायला मी शाळेत शिकलेच नाही, या भिंतीनेच शिकवलं, असं ती सगळ्यांना सांगायची.

आबा गाडीतून उतरले ते थेट भिंतीकडे गेले. चप्पल काढली, हात टेकवला, कपाळ टेकवलं. मग भिंतीला एक चक्कर मारली. दाढदुख्या माणसाजवळ थांबून खो खो हसले.

“हा मुकादम बघ शेखर! गवंड्याने सूड घेतलाय त्याच्यावर.”

“आबा, हळू बोला.”

“किती वर्षांचं म्हणालास? आठशे? म्हणजे आपल्या गावच्या महादेवाच्या बरोबरीचं की रे! तिकडे आपले लोक छिन्नी चालवत होते तेव्हा इकडे हे चालवत होते.” आणि मग ते खरवडणं, चुरणं आणि चाखणं झालं. डोळे उघडून आबा म्हणाले, “वरच्या अंगाला पाणी लागून खराब झालाय, पण आतला चुना नंबर एक आहे. ऐक. सांधी चुन्यानेच भर. सिमेंटला हात लावू नकोस. अशी भिंत आतून पोकळ असते, मध्ये खडी आणि चुना. पाणी आत जाणारच, ते तुला थांबवता येणार नाही. पण गेलेलं पाणी सांधीतून परत बाहेर पडतं, ती वाट बुजवलीस तर ते दगड फोडून बाहेर येईल. इकडे तर म्हणे बर्फ पडतो. मग तर बघायलाच नको. या बाईंना नीट सांग.”

डोरोथी केव्हाची कौतुकाने बघत होती. तिने विचारलं, “चंद्रा, काय म्हणताहेत तुझे वडील?”

एवढाच क्षण होता. शेखरने आबांकडे बघितलं. बंडीच्या खिशात तंबाखूची डबी, पायात मोजे नाहीत, ओठाच्या कोपऱ्यात चुन्याचा कण. ‘माझे वडील भिंत चाखून सांगताहेत’ हे वाक्य इंग्रजीत कसं दिसेल ते त्याला दिसलं. आणि त्याच्या ब्रीफकेसमध्ये उत्तम पोर्टलंड सिमेंटने सांधी भरण्याचा सात पानी रिपोर्ट टाइप होऊन तयार होता.

“ते म्हणताहेत, फार सुंदर आहे,” शेखर म्हणाला.

डोरोथीचे डोळे भरून आले. तिने आबांचा हात हातात घेतला. आबांनी शेखरला विचारलं, “सांगितलंस?”

“हो, सांगितलं.”

“पटलं त्यांना?”

“पटलं.”

झालं. वेळ मारून नेली असं शेखरला वाटलं. पण आबा हा एकदा सांगून गप्प बसणारा माणूस नव्हता. पुढच्या शनिवारी त्यांनी चुन्याचा हट्ट धरला. बिल्डिंग सप्लायच्या दुकानातून विझवलेल्या चुन्याच्या गोण्या आणायला लावल्या, डेट्रॉइटच्या इंडियन दुकानातून चुन्यात घालायला गूळ. विनीताचा लहानपणीचा प्लॅस्टिकचा टब गॅरेजमागे नेऊन त्यात चुना भिजत घातला. रोज सकाळी लाकडी दांड्याने घोटायचे. वर चार बोटं पाणी राहील एवढं बघायचे. घाणी नाही, बैल नाही, पण म्हातारा खूश. नंदा म्हणाली, आई गेल्यापासून आज पहिल्यांदा आबा पोटभर जेवले.

विनीता टबात डोकावून म्हणाली, “आजोबा, इज दॅट बासुंदी?” आबांना शब्द कळले नाहीत, बासुंदी तेवढी कळली. दिवसभर हसत होते.

शेखरला थांबवता आलं असतं. पण काय सांगून थांबवणार? की मी त्या बाईंना तुमचं काहीच सांगितलेलं नाही? त्याने म्हाताऱ्याचा विरंगुळा म्हणून कानाडोळा केला.

शेखर चर्चला जायचा तेव्हा आता आबाही बरोबर असायचे. ऑगस्टमध्ये एकदा तो डोरोथीबरोबर आत मंडळाच्या मीटिंगला बसला होता. बाहेर आला तर आबा गाभाऱ्यामागे लायलॅकच्या झुडपाआड उकिडवे बसलेले. शेजारी कॉफीच्या डब्यात घरून आणलेला चुना आणि हातात नंदाचं उलथनं. खालच्या अंगाच्या पाच दगडांच्या सांधी त्यांनी खरवडून, पाणी मारून, चुना दाबून भरून टाकल्या होत्या. शेवटचा हात अंगठ्याने फिरवत होते.

शेखरचा तोल गेला. “आबा! कोणाला विचारून हात लावलात? हे गावचं देऊळ आहे का? उद्या माझ्यावर केस करतील हे लोक!”

आबांनी चमकून वर बघितलं. “अरे, बाईंना सांगितलंयस ना तू? नमुना म्हणून भरला. मुरलेला कसा दिसतो ते कळेल त्यांना.”

“उठा आधी. हात धुवा.”

आबा उठले. नळाखाली हात धुतले, उलथनं धुतलं. परतीच्या वाटेवर कॉफीचा डबा मांडीवर धरून बसले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा शेखरला नंतर फार वेळा आठवणार होता, पण तेव्हा तो ट्रॅफिककडे बघत होता. झुडपाआड कोणाला दिसणार नाही, तेव्हा डोरोथीला सांगायची गरज नाही, एवढंच तो मनाशी म्हणत होता.

ऑक्टोबरमध्ये आबा परत गेले. एअरपोर्टवर वाकून नमस्कार करणाऱ्या शेखरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “टबातला चुना आता चांगला तयार झालाय. वसंतात काम सुरू कर, म्हणजे थंडीच्या आत धरेल. आणि सांधी भरताना घाई करू नको लेका.”

वसंतात काम झालं. कॉन्ट्रॅक्टर चांगला होता, सिमेंट उत्तम होतं, सांधी कशा रेखीव, करड्या, कडक दिसायला लागल्या. गाभाऱ्यामागचे पाच दगड तेवढे कॉन्ट्रॅक्टरला भरलेले आणि धड सापडले, म्हणून त्याने सोडून दिले. बाकी चर्च नवंकोरं दिसत होतं. मंडळाने दारात पितळी पाटी लावली, तीवर शेखरचं नाव होतं. टबातला चुना त्याने गॅरेजमागे खड्डा करून ओतून टाकला. नंदा खिडकीतून बघत होती.

“आबांना काय सांगाल?”

“विचारलं तर बघू.”

आबांनी विचारलं. पत्रातून, दर पत्रात. तब्येत बरी आहे, पाऊस ठीक आहे, आणि मग शेवटी, वाकड्या अक्षरात, त्या देवळाचा चुना मुरला का? शेखरने लिहिलं, मुरला. पुढच्या पत्रात पुन्हा तेच, यंदाचा हिवाळा कसा काढला भिंतीने? शेखरने लिहिलं, छान काढला. सोबत चर्चचा एक मोठा रंगीत फोटो पाठवला. बर्फात उभं असलेलं, सांधी लखलखीत. लांबून चुना काय आणि सिमेंट काय.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत आबा गेले. शेखर पोचला तो चौथ्या दिवशी. घरात देवांच्या फळीशेजारी तो फोटो खिळ्याने ठोकलेला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याकडे बोट दाखवत होता. शेजारचे म्हातारे तात्या म्हणाले, “येईल त्याला दाखवायचा रे जगन्नाथ. म्हणायचा, सगळ्यांनी चुना सोडला, पण माझ्या पोराने अमेरिकेत देऊळ उभं केलं ते माझ्या चुन्यात.” शेखरने मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने घातली.

आणि शहाऐंशीच्या मार्चमध्ये डोरोथीचा फोन आला. तिचा आवाज इतका शांत होता की शेखरला पहिल्यांदा काही कळलंच नाही.

“चंद्रा, गाभाऱ्याची भिंत पडली.”

तो गेला तेव्हा बर्फ वितळत होता. चार हिवाळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. सिमेंटच्या सांधी जशाच्या तशा उभ्या होत्या, करड्या, कडक, एखाद्या रिकाम्या जाळीसारख्या. मधले दगड मात्र फुटले होते. आठशे वर्षं टिकलेले दगड पापुद्रे सुटून चिखलात पडले होते. गाभाऱ्याची बाहेरची बाजू फुगून कोसळली होती, आतली खडी उघडी पडली होती. दाढदुख्या माणसाचा चेहरा गेला होता. गालाला लावलेला हात तेवढा राहिला होता. आबा ज्याला बघून हसले होते तो मुकादम आता कोणीच नव्हता.

शेखरने काय झालंय ते पहिल्या नजरेत ओळखलं. ओळखायचं काय त्यात? त्याला हे पाच वर्षांपूर्वी शब्दन् शब्द सांगितलेलं होतं.

बॉस्टनहून एक जाणकार बाई आल्या, दोन दिवस भिंत तपासत फिरल्या आणि रिपोर्ट दिला. पाणी आत कोंडलं, गोठलं, दगड फुटले. चूक सिमेंटची. उरलेल्या भिंतीही धोक्याच्या आहेत. चर्च उतरवून घ्यावं लागेल, पुन्हा उभं करण्याइतके दगड शाबूत नाहीत. रिपोर्टात शेखरचं नाव नव्हतं. दारातल्या पितळी पाटीवर होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी डोरोथीने त्याला बोलावून घेतलं. शेखर शिव्या खायच्या तयारीने गेला. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तुला दोष देत नाही मी. तेव्हा सगळे असंच करायचे, असं त्या बॉस्टनच्या बाईसुद्धा म्हणाल्या. चल, तुला एक दाखवायचंय.”

तिने त्याला गाभाऱ्यामागे नेलं. लायलॅकची झुडपं कापून टाकली होती. पडझडीच्या खाली, जमिनीलगत, पाच दगड तसेच होते. कडा धारदार, एक टवका उडालेला नाही. मधला चुना पांढुरका, घट्ट. एका सांधीत अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

डोरोथी चिखलात गुडघे टेकून बसली. त्या ठशात तिने आपला अंगठा ठेवला.

“त्या बाई म्हणाल्या, हे काम फार जाणत्या हाताचं आहे. अशा हाताने सगळी भिंत भरली असती तर आणखी तीनशे वर्षं हललं नसतं. हे माझ्या बाबांचं काम आहे, चंद्रा. सत्तावीस सालचं. सगळं गेलं, पण त्यांचा अंगठा राहिला बघ. मी रोज येऊन बसते इथे.”

शेखरला सांधीवर शेवटचा हात फिरवणारा आबांचा अंगठा आठवला.

गप्प बसणं किती सोपं होतं! म्हातारीला तिच्या बापाचा अंगठा मिळाला होता. तिचं सगळं गेलं होतं आणि हा एक आधार उरला होता, तो काढून कशाला घ्यायचा? दया म्हणूनसुद्धा गप्प बसता आलं असतं. त्याचीही अब्रू झाकली गेली असती. नुकसान झालं असतं ते फक्त आबांचं, आणि आबा कुठे बघायला येणार होते? आपलं गप्प बसणं नेहमी असंच सगळ्यांच्या सोयीचं असतं आणि त्यात नेहमी एकच माणूस पुसला जातो, हे त्या चिखलात उभं राहून शेखरला लख्ख दिसलं. तो तिच्याशेजारी खाली बसला.

डोरोथी आपल्याच नादात म्हणाली, “तुझ्या वडिलांची आठवण येते मला. ते म्हणाले होते ना, फार सुंदर आहे म्हणून?”

“नाही,” शेखर म्हणाला. “ते तसं म्हणाले नव्हते.”

मग त्याने सांगितलं. आबांनी एकेक वाक्य जसं म्हटलं होतं तसं, पाच वर्षं उशिरा, इंग्रजीत. सांधी चुन्यानेच भर. सिमेंटला हात लावू नकोस. गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. वाट बुजवलीस तर दगड फोडून बाहेर येईल. या बाईंना नीट सांग. त्याने टबाबद्दल सांगितलं, गुळाबद्दल सांगितलं, उलथन्याबद्दल सांगितलं. त्या ठशातला अंगठा कोणाचा ते सांगितलं. “माझे वडील कॉन्ट्रॅक्टर नव्हते. गवंडी होते, तुझ्या वडिलांसारखे. मला लाज वाटायची त्यांची.”

डोरोथीने ठशातून अंगठा काढून घेतला. 

“दर वेळी जाताना ते भिंतीवर हात ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, विचारताहेत की तुझं प्रेम आहे ना हिच्यावर? मी मान हलवायचे. दर वेळी हलवली मी मान.” तिने अंगठ्याचा चिखल पुसला. “म्हणजे ते विचारत होते, चुना भरणार ना? आणि मी हो म्हणत होते.”

“डोरोथी, आय ॲम सो सॉरी.”

“माझ्या बाबांचं एवढं तरी राहिलंय असं वाटलं होतं मला,” ती म्हणाली. तिने मातीत हात टेकून स्वतःच उठायचा प्रयत्न केला. शेखरने पुढे केलेला हात तिने धरला नाही. “तू आता जा, चंद्रा.”

तो गेला. घरी जाऊन नंदाला सगळं सांगितलं. नंदा एवढंच म्हणाली, “मी तेव्हा खिडकीत उभी न राहता बाहेर यायला हवं होतं.” आणि ती त्याच्याशेजारी बसून राहिली.

जूनमध्ये चर्च उतरवायला सुरुवात झाली. कोणी बोलावलं नसताना शेखर दर शनिवारी जायचा आणि रस्त्याच्या कडेला कुंपणाबाहेर उभा राहायचा. पितळी पाटी कोणीतरी काढून ठेवली होती. डोरोथी खुर्ची टाकून बसलेली असायची. मांडीवर सत्तावीस सालची दगडांच्या आकड्यांची वही. कामगार दगड सुटा करायचा, मागच्या बाजूचा जुना आकडा तिला दाखवायचा आणि ती मोठ्याने वाचून वहीत खूण करायची. एकशे चार. एकशे पाच. सहा वर्षांच्या मुलीचं काम पासष्टाव्या वर्षी ती उलट्या क्रमाने करत होती. सिमेंट दगडाला सोडत नव्हतं. छिन्नी मारली की सांधीऐवजी दगडच तुटायचा, आणि मग ती वाचता वाचता थांबून म्हणायची, “गेला.” दिवसभर तो शब्द कुंपणापर्यंत ऐकू यायचा.

तिसऱ्या शनिवारी ते खालच्या पाच दगडांपाशी आले. कामगाराने छिन्नी लावून हलकेच ठोकलं. चुना सुटला आणि दगड अख्खा हातात आला. दुसरा आला, तिसरा आला. पाचही आले, एकाचीही कड दुखावली नव्हती. कामगार काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला.

डोरोथीने पाचही आकडे वाचले. वही मिटली. मग खाली वाकून काहीतरी उचललं आणि कुंपणाकडे चालत आली. गेल्या दोन महिन्यांत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही बोलली नाही. तिने मूठ पुढे केली आणि त्याच्या तळहातावर चुन्याचा एक तुकडा ठेवला. त्यावर अंगठ्याची अर्धी रेघ होती. मग ती परत खुर्चीकडे गेली.

शेखरने तुकड्याची ठशाकडची बाजू जपून धरली. दुसऱ्या बाजूने नखाने जरासा खरवडला, चिमटीत चुरला. कामगार बघत होते, रस्त्याने जाणारी एक गाडी हळू झाली होती. त्याने कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

काही चरचरलं नाही. नुसती दगडाची चव होती.

मुरला होता. आबा, चुना मुरला होता. आज घरी गेल्या गेल्या पत्र टाकायला हवं, असं शेखरच्या मनात आलं आणि पत्र घ्यायला आबा आता नाहीत हे आठवेपर्यंत ते मनात राहिलं. मग सगळ्या माणसांसमोर तो कुंपणाची तार धरून खाली बसला आणि मोठ्याने रडला.